पोटातली वस्ती उठवू नका

"पोरगं तापलंय हो. चांगल्या स्ट्राँग गोळ्या द्या. मागच्या वेळी दिल्या होत्या ना, त्याच."

तालुक्याच्या कुठल्याही गावात मेडिकलच्या दुकानासमोर संध्याकाळी पाच मिनिटं उभं राहिलं, की असं काहीतरी कानावर पडतंच. दुकानदार ओळखीचा असतो. तो चिठ्ठी मागत नाही, आपणही दाखवत नाही. पाकिटातल्या तीन गोळ्या कात्रीने कापून हातात येतात. डॉक्टरांची फी वाचते, अर्ध्या दिवसाचा खाडा वाचतो. दोन दिवसांत ताप उतरतो. बहुतेक वेळा तो विषाणूंचा असतो, म्हणजे गोळी न घेताही उतरणारच असतो. पण श्रेय जातं गोळीला. उरलेली एक गोळी फ्रीजवरच्या डब्यात पुढच्या तापाची वाट बघत पडून राहते.

या गोळ्यांवरून गेल्या काही महिन्यांत बरीच चर्चा झाली. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने जंतूंच्या वाढत्या चिवटपणाविरुद्धचा दुसरा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्यानंतर २८ डिसेंबरच्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही हा विषय काढला. न्यूमोनिया आणि लघवीच्या जंतुसंसर्गावर अँटिबायोटिक औषधं कमी लागू पडू लागली आहेत, याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अहवालाचा हवाला देऊन त्यांनी लक्ष वेधलं. जंतू औषधाला दाद देईनासे झालेत, ही या प्रश्नाची एक बाजू. ती आता बऱ्याच जणींना माहीत आहे.

दुसरी बाजू मात्र क्वचितच बोलली जाते. अँटिबायोटिकची गोळी घशाखाली गेली, की आपल्या आतड्यात नेमकं काय होतं? तिथे राहणाऱ्या, आपल्याच उपयोगाच्या जीवाणूंचं काय होतं? त्यांचा आपल्या प्रतिकारशक्तीशी, जखम भरून येण्याशी, मोठ्या दुखण्यांशी संबंध काय? गेल्या पंधरावीस वर्षांत शास्त्रज्ञांनी याच प्रश्नाचा पिच्छा पुरवलाय. मैत्रिणींनो, त्यातून जे हाती आलंय ते थेट आपल्या स्वयंपाकघराशी, बाळंतिणीच्या खोलीशी आणि त्या फ्रीजवरच्या डब्याशी जोडलेलं आहे.

आत राहतंय तरी कोण?

जीवाणू म्हटलं की आपल्याला रोग आठवतो, टीव्हीवरची फिनेलची जाहिरात आठवते. पण रोज दह्याला विरजण लावणाऱ्या बाईला हे सांगायला नको की सगळे जीवाणू वाईट नसतात. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी २०१६मध्ये माणसाच्या अंगावरच्या आणि अंगातल्या जीवाणूंचा हिशोब मांडला. तो निघाला सुमारे ३८ लाख कोटी. आपल्या शरीराच्या स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी. म्हणजे मोजदाद केली तर पाहुणेच घरच्यांपेक्षा जास्त! या सगळ्यांचं वजन मात्र पाव किलोही भरत नाही. त्यातले बहुतेक राहतात मोठ्या आतड्यात.

ते फुकट राहत नाहीत, भाडं देतात. भाकरी, डाळी, पालेभाज्या यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो ते आंबवतात. त्यातून तयार होणारी आम्लं हे आपल्या मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य अन्न. काही जीवनसत्त्वंही ते बनवतात. शिवाय जागा अडवून बसतात. भरलेल्या एसटीत नव्याने चढणाऱ्याला जशी जागा मिळत नाही, तसंच बाहेरून आलेल्या रोगजंतूंना तिथे पाय रोवता येत नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे शिकवणीचं. आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा फार मोठा हिस्सा आतड्याच्या भिंतीलगत असतो. शत्रू कोण, आपला कोण, कुणावर धावून जायचं आणि कुणाकडे काणाडोळा करायचा, हे या पेशी जीवाणूंच्या शेजारी राहूनच शिकतात. प्रयोगशाळेत पूर्णपणे निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये ही शिकवणी होतच नाही. त्यांची प्रतिकारयंत्रणा अर्धवट, कच्ची राहते, असं वारंवार दिसून आलंय. थोडक्यात, वस्ती नसेल तर पहारेकरीही तयार होत नाहीत.

पहिली शिकवणी आईच्या दुधात

ही वस्ती बसते कधी? जन्माच्या क्षणापासून. बाळ बाहेर येताना आईच्या अंगावरचे, आतड्यातले जीवाणू त्याच्यापर्यंत पोचतात. मग दूध सुरू होतं. आईच्या दुधात एक गंमत आहे. त्यात काही विशिष्ट साखरा भरपूर प्रमाणात असतात आणि त्या बाळाला पचतच नाहीत! मग निसर्गाने त्या घातल्या कशाला? तर बाळाच्या आतड्यातल्या बायफिडो जातीच्या जीवाणूंसाठी. आई एका वेळी बाळालाही पाजते आणि बाळाच्या राखणदारांनाही पाजते. बाहेरच्या कुठल्याही डब्याला हे हुबेहूब जमलेलं नाही.

म्हणून तर पहिल्या तासात बाळाला छातीशी धरा, पहिला चीक टाकून देऊ नका, असं आशाताई घसा कोरडा करून सांगतात. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाचव्या फेरीत देशभरात फक्त ४१.८ टक्के बाळांना पहिल्या तासात आईचं दूध मिळाल्याचं दिसलं. बाकीच्यांना काय मिळतं? कुठे साखरपाणी, कुठे गुटी, कुठे मधाचं बोट. मध चाटवणं तर वर्षाच्या आतल्या बाळाला धोक्याचं. मधात कधीकधी एका घातक जीवाणूची बीजं असतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात जागा भरलेली असते, म्हणून ती बीजं रुजत नाहीत. बाळाच्या आतड्यात वस्ती अजून बसायची असते. तिथे ती रुजून विष तयार करू शकतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. आतड्यातली वस्ती राखण करते म्हणजे काय, याचं याहून सरळ उदाहरण नाही.

सिझेरियनचाही मुद्दा इथेच येतो. त्याच सर्वेक्षणानुसार देशात २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली. खासगी दवाखान्यांत हेच प्रमाण ४७.४ टक्के, म्हणजे जवळपास निम्मं! ब्रिटनमध्ये सुमारे ६०० बाळांच्या शीचा अभ्यास करून २०१९मध्ये एक निबंध प्रसिद्ध झाला. सिझेरियनने जन्मलेल्या बाळांच्या आतड्यात आईकडून येणारे काही जीवाणू कमी आणि दवाखान्यात वावरणारे जास्त सापडले. पण पुढे काही महिन्यांत, वरचं अन्न सुरू होईपर्यंत हा फरक बराचसा भरून निघाला होता, हेही त्याच अभ्यासात दिसलं. त्यामुळे ज्यांचं सिझेरियन झालंय त्यांनी मनाला लावून घेऊ नये. अडलेल्या बाळंतपणात तेच आईला आणि बाळाला वाचवतं. प्रश्न आहे तो गरज नसताना, मुहूर्त बघून किंवा सोयीसाठी केलेल्या सिझेरियनचा. आणि सिझेरियन झालं तरी दूध लवकर सुरू करता येतं, त्यासाठी नर्सबाईंच्या मागे लागायला हवं.

या बाबतीतला एक मोठा प्रयोग आपल्याच देशात झालाय. ओडिशाच्या खेड्यांमध्ये डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४,५५६ नवजात बाळांवर हा अभ्यास केला. ही बाळं जन्मतः बऱ्यापैकी वजनाची, अंगावर पिणारी होती. त्यातल्या निम्म्या बाळांना जन्मानंतर लवकरच सात दिवस एक निवडक जीवाणू आणि त्याचं खाद्य असलेलं मिश्रण तोंडाने दिलं, उरलेल्यांना औषध नसलेली तशीच पुडी. दोन महिने लक्ष ठेवलं. साध्या पुडीच्या गटात ९ टक्के बाळांना रक्तातला जंतुसंसर्ग झाला किंवा ती दगावली. जीवाणू दिलेल्या गटात हे प्रमाण ५.४ टक्के निघालं. श्वासाचे आजारही कमी झाले. २०१७मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा जगभर त्यांची दखल घेतली गेली. पोटात दिलेल्या जीवाणूने रक्तातल्या, छातीतल्या आजारांना आवर घातला, हे त्यातलं विशेष.

गोळी आत गेल्यावर

आता या वस्तीत अँटिबायोटिकची गोळी शिरते असं समजा. शेतात तणनाशक फवारताना वारा सुटला की शेजारचं पीकही जळतं, तसाच हा प्रकार. गोळी रोगजंतूला मारते आणि वाटेत येणाऱ्या कितीतरी निरुपद्रवी जीवाणूंनाही मारते. गोळ्यांच्या कोर्सनंतर पातळ संडास होतात, ते यामुळेच. कित्येकींना अशा कोर्सनंतर खाज सुटते, अंगावरून पांढरं जातं. तिथले राखणदार जीवाणू कमी झाले की बुरशीला रान मोकळं मिळतं. हे दुखणं सांगायला आपण लाजतो आणि त्यावर पुन्हा मेडिकलमधूनच काहीतरी आणून खातो.

लघवीला जळजळ, ज्याला आपल्याकडे उन्हाळी लागली म्हणतात, ती बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातल्या ई-कोलाय जीवाणूंमुळे होते. दरवेळी अर्धवट गोळ्या खाल्ल्या, की आतड्यातले साधे जीवाणू मरतात आणि औषधाला न जुमानणारे चिवट तेवढे उरतात. पुढच्या खेपेला तेच लघवीच्या मार्गात शिरतात. मग "गोळी लागूच पडत नाही हो," अशी तक्रार घेऊन बाई जिल्ह्याच्या गावाला जाते, आणि तिथे सलाईनमधून द्यायची महागडी इंजेक्शनं लिहून मिळतात.

वस्ती पूर्ण उठली तर काय होतं, त्याचा नमुना म्हणजे क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जीवाणूचा आजार. भरपूर अँटिबायोटिक घेतलेल्या, विशेषतः वयस्कर रुग्णांच्या रिकाम्या आतड्यात हा जीवाणू माजतो. जुलाब थांबता थांबत नाहीत, माणूस दगावूही शकतो. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी त्यावर एक विचित्र वाटणारा उपाय करून पाहिला. निरोगी माणसाच्या तपासलेल्या विष्ठेचं पातळ द्रावण नळीने रुग्णाच्या आतड्यात सोडलं. ऐकून नाक मुरडावंसं वाटेल, पण निकाल बघा. १६ रुग्णांपैकी १३ जण एकाच वेळी बरे झाले, आणखी दोघं दुसऱ्या वेळी. नेहमीचं औषध घेतलेल्या १३ पैकी फक्त चारच बरे झाले. फरक इतका उघड होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला. हे २०१३ साली प्रसिद्ध झालं. पुढे २०२२ आणि २०२३मध्ये अमेरिकेत या तत्त्वावरच्या औषधांना सरकारी मान्यताही मिळाली. एका अँटिबायोटिकने बिघडवलेलं दुसऱ्या अँटिबायोटिकने सुधारेना, ते उठलेली वस्ती पुन्हा वसवल्यावर सुधारलं.

मार, जखम आणि मोठी दुखणी

आतड्यातल्या वस्तीचा परिणाम आतड्यापुरताच थांबत नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठात २०१६मध्ये पाठीच्या कण्याला इजा झालेल्या उंदरांवर प्रयोग झाले. इजेनंतर उंदरांच्या आतड्यातले जीवाणू बदललेले आढळले. ज्यांना आधीच अँटिबायोटिक देऊन ही वस्ती विस्कटली होती, त्यांची इजा जास्त चिघळली आणि चालणं कमी सुधारलं. इजेनंतर उपयोगी जीवाणू दिलेल्या उंदरांमध्ये मात्र सुधारणा बरी झाली. हे उंदरांचं झालं. माणसाला लगेच तेच लागू होईल असं नाही. पण पाठीच्या कण्याचं दुखणं आणि पोटातले जीवाणू यांचा काही संबंध असेल, हे आधी कुणाच्या मनातही आलं नसतं.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पक्षाघाताच्या रुग्णांचा अभ्यास केला. झटका आल्यानंतर बऱ्याच रुग्णांना न्यूमोनिया होतो. असे जंतुसंसर्ग करणारे बरेचसे जीवाणू एरवी आतड्यात राहणारे होते. झटक्यानंतर आतड्याची भिंत सैल पडते आणि तिथून ते निसटतात, असं उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं. कर्करोगाच्या बाबतीत पॅरिसच्या संशोधकांनी २०१८मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. प्रतिकारशक्तीला चेतवून कर्करोगाशी लढवणारी नवी औषधं निघाली आहेत. उपचाराच्या आसपास अँटिबायोटिक घ्यावी लागलेल्या रुग्णांमध्ये ती कमी लागू पडल्याचं त्यांना आढळलं.

याचा अर्थ असा नाही की गरज असताना अँटिबायोटिक टाळावं. न्यूमोनिया, टायफॉइड, क्षयरोग, बाळंतपणानंतरचा जंतुसंसर्ग यांत ही औषधं जीव वाचवतात. आपल्या आजीच्या काळात बाळंतरोगाने किती बायका गेल्या, ते घराघरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. एवढं मोलाचं औषध आपण साध्या सर्दीला उधळतोय, हे खरं दुखणं.

मग प्रोबायोटिकची पुडी घ्यायची का?

इथे बाजार हजर असतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अँटिबायोटिकच्या खाली प्रोबायोटिकची कॅप्सूल असते, टीव्हीवर छोट्या बाटल्यांच्या जाहिराती असतात, "प्रतिकारशक्ती वाढवा" असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. यात काही ठिकाणी तथ्य आहे, पण सरसकट नाही. वाइझमन संस्थेतल्याच संशोधकांनी २०१८मध्ये २१ निरोगी माणसांना अँटिबायोटिक दिलं आणि नंतर त्यांचे गट केले. ज्यांना काहीच दिलं नाही त्यांची आतड्यातली वस्ती साधारण तीन आठवड्यांत बरीच पूर्ववत झाली. बाजारातलं अनेक जीवाणूंचं प्रोबायोटिक घेतलेल्यांची मात्र पाच महिन्यांनंतरही झाली नव्हती! अभ्यास लहान होता. पण पुडी घेतली म्हणजे भरपाई झाली, हा समज त्याने हलवला.

मग ओडिशाच्या बाळांचं काय? तिथे दिला होता एकच निवडून काढलेला जीवाणू, ठरावीक वजनाच्या, अंगावर पिणाऱ्या बाळांना. दिवसांपूर्वी जन्मलेल्या नाजूक बाळांचं गणित वेगळं असतं. अशा बाळांना दवाखान्यात प्रोबायोटिक देण्याबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३मध्ये इशारा दिला, कारण दिलेल्या जीवाणूमुळेच जंतुसंसर्ग होऊन एक बाळ दगावलं होतं. तेव्हा बाळाला कुणाच्या सांगण्यावरून अशी पुडी चाटवू नये.

पैसे वाचवणारी गोष्ट मात्र आपल्या ओट्यावरच आहे. बांगलादेशात ढाक्याच्या मीरपूर भागातल्या झोपडपट्टीत १२ ते १८ महिन्यांच्या, वजनाने मागे पडलेल्या १२३ मुलांवर एक अभ्यास झाला. मुलांच्या आतड्यातल्या चांगल्या जीवाणूंना काय आवडतं, ते आधी शोधून त्याप्रमाणे खाऊ बनवला. त्यात काय होतं? हरभऱ्याचं पीठ, शेंगदाणे, सोयाबीन आणि कच्ची केळी! तयार पूरक आहारापेक्षा यात उष्मांक कमी होते. तरीही तीन महिन्यांत या मुलांनी वजनात जास्त चांगली उचल खाल्ली, आणि रक्तातली वाढीची लक्षणंही सुधारली. हे २०२१मध्ये प्रसिद्ध झालं. यातली एकही वस्तू आपल्या किराणा दुकानात आणि आठवडी बाजारात न मिळणारी नाही. अर्थात मूल फारच अशक्त असेल तर घरगुती प्रयोग न करता अंगणवाडीताईंकडे आणि पोषण पुनर्वसन केंद्राकडेच जायला हवं.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ३६ निरोगी माणसांपैकी काहींना दहा आठवडे आंबवलेले पदार्थ भरपूर खायला दिले. त्यांच्या आतड्यातल्या जीवाणूंची विविधता वाढली आणि शरीरातली दाह दाखवणारी १९ प्रथिनं कमी झाली. दही, ताक, आंबील हे आपल्याकडचे आंबवलेले पदार्थ. इडलीचं पीठही आंबवलेलंच, पण वाफवल्यावर त्यातले जीवाणू जिवंत राहत नाहीत, हेही लक्षात ठेवावं.

आपल्या लोकांच्या पोटातली वस्ती परदेशातल्यासारखीच असते असंही नाही. भोपाळ आणि केरळमधल्या ११० निरोगी माणसांची तुलना २०१९मध्ये प्रसिद्ध झाली. भोपाळच्या धान्य-डाळींवर भर असलेल्या जेवणातली वस्ती वेगळी, केरळच्या मासे-मांस असलेल्या जेवणातली वेगळी निघाली. पुण्यातल्या एनसीसीएस या संस्थेत डॉ. योगेश शौचे यांच्या गटानेही भारतीयांच्या आतड्यातल्या जीवाणूंवर बरंच काम केलंय. म्हणून परदेशी पुडीची नक्कल करण्यापेक्षा आपल्या ताटातला चोथा कमी होऊ न देणं शहाणपणाचं. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, हुलगे, शेपू-मेथी, सालासकट फळं. मैद्याचं बिस्किट आणि पाकिटातल्या नूडल्स यांत आपल्या या भाडेकरूंसाठी फारसं काही नसतं.

सगळं ओझं बाईवरच का?

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, म्हणजे पुन्हा चूक आईचीच! तसं अजिबात नाही. बाई मेडिकलमधून गोळ्या का आणते, याचाही विचार व्हायला हवा. आरोग्य केंद्र गावापासून लांब असतं. तिथे गेलं तर डॉक्टर असतीलच असं नाही. खासगीत गेलं तर फी, तपासण्या आणि बुडालेली मजुरी. या सगळ्यापेक्षा तीन गोळ्या स्वस्त पडतात. हा हिशोब अडाणीपणाचा नाही, नाइलाजाचा आहे.

कायदे आपल्याकडे आहेत. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी नाही. त्यातल्या काही महत्त्वाच्या औषधांसाठी मार्च २०१४पासून दुकानदाराने वेगळ्या वहीत डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव लिहायचं, असा नियम आहे. २०१६मध्ये सरकारने लाल रेघेची मोहीम काढली. पाकिटावर उभी लाल रेघ दिसली, की ती गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. किती जणींनी ही रेघ पाहिली आहे? केरळने २०२४मध्ये दुकानांवर अचानक तपासणी करण्याची मोहीम सुरू केली, चिठ्ठीशिवाय विक्री करणाऱ्यांवर कारवाई केली. एक राज्य करू शकतं, तर बाकीच्यांना काय अडचण आहे?

शिवाय सगळ्या अँटिबायोटिक गोळ्या काही आपण खात नाही. कोंबड्यांना आणि जनावरांनाही त्या दिल्या जातात. कोलिस्टिन हे शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं औषध. कोंबड्या पटकन वाढाव्यात म्हणून ते खाद्यात घातलं जायचं. त्यावर केंद्राने २०१९मध्ये बंदी घातली. आणि पाण्याचं काय? नेदरलँड्समधल्या सुमारे दोन हजार प्रवाशांचा एक अभ्यास २०१७मध्ये आला. भारत आणि आसपासच्या देशांत जाऊन आलेल्या दर चौघांपैकी तिघांच्या आतड्यात, औषधाला दाद न देणारे जीवाणू नव्याने वस्तीला आलेले आढळले. काही दिवसांच्या मुक्कामात पाहुण्यांची ही गत, तर जन्मभर तेच पाणी पिणाऱ्या आपल्या पोटात काय असेल? गटारीचं पाणी नळात मिसळतं तिथे एकट्या बाईच्या काटकसरीने काही होत नाही. तिथे नगरपालिकेला जाब विचारावा लागतो.

आपल्या हातात काय?

साध्या सर्दी-खोकल्याला, पहिल्या दोन दिवसांच्या तापाला स्वतःहून अँटिबायोटिक आणू नका. मात्र मूल धापा टाकत असेल, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ताप दोन-तीन दिवसांनीही हटत नसेल, मूल मलूल झालं असेल, तर एक क्षणही घरी काढू नका. अगदी तान्ह्या बाळाला ताप आला तर पहिल्याच दिवशी दवाखाना गाठा. लहान मुलांच्या साध्या जुलाबाला ओआरएस आणि चौदा दिवस झिंक एवढंच लागतं. जुलाबात रक्त दिसलं, मूल पाणी पिईना, तर लगेच डॉक्टर. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या तर "ही अँटिबायोटिक आहे का? लागणारच आहे का? किती दिवस?" एवढे तीन प्रश्न न घाबरता विचारा. लागणारच असेल तर सांगितले तितके दिवस घ्या, आपल्या मनाने मध्येच बंद करू नका. आणि उरलेली गोळी पुढच्या वेळेसाठी किंवा शेजारणीसाठी जपून ठेवू नका.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एकीने घरातलं एखादं गोळ्यांचं पाकीट घेऊन यावं आणि सगळ्यांना ती लाल रेघ दाखवावी. मग चारचौघी मिळून गावातल्या मेडिकलवाल्याकडे जाऊन त्याला सांगावं, "दादा, आम्ही चिठ्ठीशिवाय मागितल्या तरी या गोळ्या आम्हाला देऊ नका." ग्रामसभेत आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांच्या हजेरीचा प्रश्नही याच चौघींनी मांडावा. डॉक्टर जागेवर भेटला, तर मेडिकलच्या काउंटरवर जायची वेळ निम्म्या वेळा येणारच नाही.